आधी गोठा, मग गणित

घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८पासून केलेल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. पाच खोल्यांच्या एका घराशेजारी धान्याचं कोठारही होतं. खाणारी तोंडं किती, बियाणं किती राखायचं, हे शाब्दिक उदाहरण त्यांनाही सोडवावं लागलंच असणार.

आजची मुलं मात्र उदाहरण वाचण्याआधीच विचारतात, 'बाई, बेरीज की वजाबाकी?' समजा, गोठ्यात शेळ्या-कोंबड्या मिळून डोकी १०, पाय २८. सगळ्या शेळ्यांना मागच्या पायांवर उभं करा. जमिनीवर पाय उरले २०, हवेत ८. प्रत्येकीचे दोन, म्हणजे शेळ्या ४ आणि कोंबड्या ६.

उदाहरण अडलं की आकड्यांशी झटापट नको. आधी गोठा डोळ्यांसमोर आणा. पुढची क्रिया आपोआप सुचते.