ऐकणाऱ्यांच्या वह्या

स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात एक प्राध्यापक होते. घराणे मोठे, शास्त्रज्ञांचे. पणजोबा माँ ब्लाँ शिखरावर चढून गेलेले. हे मात्र भाषांच्या वाटेला लागले. एकविसाव्या वर्षी त्यांनी इंडो-युरोपीय भाषांच्या मूळ स्वरांवर एक ग्रंथ लिहिला आणि त्याचा विद्वानांत बोलबाला झाला. पुढे संस्कृतातल्या षष्ठीच्या एका प्रयोगावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. आपल्याकडे संस्कृतच्या तासाला सतिसप्तमीच्या पाठोपाठ जी सत्-षष्ठी येते, तोच हा प्रयोग. पॅरिसमध्ये दहा वर्षे शिकवून ते 1891 साली आपल्या गावी परतले. त्यांचे नाव फर्दिनां द सोस्यूर.

गावी आल्यावर त्यांचे शिकवणे चालू राहिले, पण छापणे जवळजवळ थांबले. वर्षामागून वर्षे ते संस्कृत आणि जुन्या भाषांचे तास घेत. मधल्या काळात त्यांनी एका मित्राला पत्र लिहिले. भाषेविषयी धड अर्थाच्या दहा ओळी लिहायच्या म्हटले तरी किती जड जाते, याचा त्यांना वीट आला होता. विषयातली रूढ परिभाषाच आधी सुधारायला हवी, असे त्यांना वाटत होते. ती सुधारल्याशिवाय लिहवत नव्हते, आणि लिहिल्याशिवाय ती सुधारणार नव्हती.

1906 च्या डिसेंबरात विद्यापीठातले एक सहकारी निवृत्त झाले. त्यांचा सामान्य भाषाविज्ञान हा विषय सोस्यूर यांच्याकडे आला. एखाद्या एका भाषेचा हा विषय नव्हता. भाषा म्हणजे मुळात काय, हेच त्यात सांगायचे होते. ज्या गोष्टीवर दहा ओळी लिहवत नव्हत्या, तीच आता वर्षभर तोंडाने शिकवायची होती.

1907 च्या जानेवारीत वर्ग सुरू झाला. नाव घातले होते 6 विद्यार्थ्यांनी. पुढचा अभ्यासक्रम 1908 मध्ये सुरू झाला, त्याला 11 जण आले. तिसरा 1910 मध्ये, त्याला 12. आपल्याकडे एखाद्या खासगी शिकवणीलाही याहून जास्त मुले असतात. त्यांतले पुढे भाषाविज्ञानात राहिले ते थोडेच. बाकीच्यांना परीक्षा द्यायची होती.

पण ती मुले चांगली ऐकत. एक जण लघुलिपीत लिहून घेई. दुसरा घरी जाऊन सगळे पुन्हा स्वच्छ अक्षरात उतरवी. प्राध्यापक बोलत ते सावकाश उलगडत जाणारे असे. बुद्धिबळाच्या पटाचा दाखला ते पुन्हा पुन्हा देत. मोहरा लाकडाचा की हस्तिदंताचा, याने डावात काहीच फरक पडत नाही. घोडा हरवला तर त्याच्या जागी दुसरे काहीही ठेवा, बाकीच्या मोहऱ्यांशी त्याचे नाते तेच राहिले म्हणजे झाले. शब्दाचेही तसेच, असे ते सांगत. शब्दाची किंमत त्याच्या एकट्याच्या अंगात नसते. शेजारच्या शब्दांहून तो कुठे वेगळा पडतो, त्यावर ती ठरते. मुले हे लिहून घेत.

दर अभ्यासक्रमाला मांडणी बदले. आधीच्या वर्षी जे शेवटी आले होते, ते पुढच्या वर्षी आधी येई. तिसऱ्या वेळी त्यांनी सुरुवात जगातल्या निरनिराळ्या भाषांपासून केली. त्या कशा पसरल्या, कशा फुटल्या, लिपीत कशा बांधल्या गेल्या, हे आधी. मग भाषा नावाची व्यवस्था. आणि शेवटी एकेकट्या माणसाच्या तोंडची भाषा, असा बेत होता. तो तिसरा भाग शिकवायचा राहूनच गेला.

1911 च्या मे महिन्यात एक जुना विद्यार्थी त्यांना भेटायला गेला. तासांची त्यांना फार काळजी लागलेली दिसत होती. त्यांनी आपली अडचण त्याला मोकळेपणाने सांगितली. विषय आहे तसा, सगळ्या गुंत्यासह आणि आपल्या सगळ्या शंकांसह मांडावा, तर परीक्षेच्या अभ्यासक्रमाला ते शोभत नाही. सोपा करून सांगावा, तर पावलोपावली आपणच अडखळतो. विद्यार्थ्याने घरी जाऊन हे बोलणे लिहून ठेवले.

त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, 19 मे रोजी, प्राध्यापक वर्गात आले आणि आधी शिकवलेल्या धड्याकडे परत वळले. चिन्हाच्या दोन बाजूंना पूर्वी जी नावे दिली होती ती त्यांना पुरी पडत नव्हती. त्यांनी नवी जोडी सुचवली. ती जोडी पुढे जगभर गेली. आपल्याकडे तिला चिन्हक आणि चिन्हित म्हणतात. परीक्षा जवळ आली होती आणि शिकवून झालेला धडा सर पुन्हा उघडत होते. एखादा विद्यार्थी वैतागला असता तर त्याला दोष देता आला नसता. वर्गात एमिल कॉन्स्तांतँ नावाचा एक मुलगा होता. त्याने पहिले लिहिले होते तेही ठेवले आणि आता सांगितलेलेही लिहून घेतले.

पुढच्या वर्षी प्राध्यापक आजारी पडले. शिकवणे थांबले. 1913 च्या फेब्रुवारीत ते गेले. वय पंचावन्न.

त्यांच्या हाताखाली पूर्वी शिकलेले दोघे जण होते, शार्ल बाली आणि आल्बेर सेशेए. सरांचा हा विषय जगापुढे यायलाच हवा, असे दोघांनी ठरवले. सरांच्या पत्नीने कागदपत्रे त्यांच्या हवाली केली. त्यांनी ती पाहिली आणि ते हिरमुसले. वर्गात सांगितलेल्याशी जुळेल असे त्यांत जवळजवळ काहीच नव्हते. तासापुरते टिपण करायचे आणि काम झाले की नष्ट करायचे, अशी सरांची रीत होती. दोघांची आणखी एक पंचाईत होती. या तीन अभ्यासक्रमांना त्यांतला एकही जण बसलेला नव्हता. आपापल्या नोकरीच्या व्यापामुळे त्यांना जमले नव्हते.

मग ते विद्यार्थ्यांकडे गेले. ज्याच्या त्याच्या वह्या मागून आणल्या. सेशेए यांना तर घरातच वही मिळाली, कारण तिसरा अभ्यासक्रम त्यांच्या पत्नीने ऐकला होता. सगळ्या वह्या शेजारी ठेवून त्यांनी वाक्यागणिक ताडून पाहिले. आपल्याकडे म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या त्या अशाच, ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याकडून विचारून घेऊन. म्हाइंभटांनी कोणती आठवण कोणाची, तेही नोंदवले. जिनिव्हाच्या दोघांनी वेगळा मार्ग धरला. तीन अभ्यासक्रमांची तीन रूपे त्यांनी एकत्र घोटली आणि एकसंध पुस्तक केले. क्रम बदलला. शंका गाळल्या. जिथे सर थबकले होते तिथे वाक्य सरळ केले.

1916 साली पुस्तक निघाले. ते महायुद्धाचे दिवस होते, पण पुस्तक हळूहळू सगळीकडे पोचले. भाषाविज्ञानाचे वळणच त्याने बदलले. पुढे मानववंशशास्त्र आणि साहित्यसमीक्षाही त्याच्या प्रकाशात चालू लागली. ज्याने ते लिहिले नाही त्याचे नाव वेष्टनावर होते, आणि ते योग्यच होते. बाली आणि सेशेए यांनी हे कष्ट उपसले नसते तर जगाला काहीच मिळाले नसते, हे आधी म्हटले पाहिजे.

तरी वर्गात बसलेल्या एका विद्यार्थ्याने 1919 साली कुरकुर केली. सरांच्या तासाची जी मोहिनी होती ती पुस्तकात सापडत नाही, असे त्याने लिहिले. चार गोष्टी दोनदा आल्या असत्या तरी चालले असते, पण टिपणे होती तशी छापायला हवी होती, असे त्याचे म्हणणे. तेव्हा ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. पुस्तक इतके नीटनेटके होते, की वह्यांची आठवण कोणाला यावी!

चाळीस वर्षे गेली. 1957 साली एका अभ्यासकाने मूळ वह्यांचा शोध घेऊन त्यांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या दुसऱ्याच वर्षी आणखी वह्या पुढे आल्या. त्या कॉन्स्तांतँच्या होत्या. संपादकांनी त्या पाहिल्याच नव्हत्या. तिसऱ्या अभ्यासक्रमाची इतकी भरघोस टिपणे दुसऱ्या कोणाकडेही नव्हती. मग आणखी एका अभ्यासकाने डाव्या बाजूला पुस्तकातले वाक्य आणि शेजारच्या रकान्यांत विद्यार्थ्यांच्या नोंदी, असे सगळे समोरासमोर छापले. तेव्हा लोकांना दिसले, की पुस्तकात जे ठाम आहे ते वर्गात कितीदा चाचपडत आले होते. चिन्हाची ती दोन नावे पुस्तकात सुरुवातीलाच ठरून गेल्यासारखी येतात. वहीत ती मे महिन्यात, फार उशिरा येतात. आणि पुस्तकाचे जे शेवटचे वाक्य लोकांनी सर्वांत जास्त वेळा उद्धृत केले, ते कोणाच्याच वहीत नव्हते. ते संपादकांनी घातले होते.

सगळेच कागद काही नष्ट झाले नव्हते. 1996 साली सोस्यूर घराण्याच्या जिनिव्हातल्या वाड्याच्या आवारात, झाडे ठेवायच्या जुन्या इमारतीत, त्यांच्या हस्ताक्षरातली टिपणे सापडली. भाषेवर पुस्तक लिहायचे त्यांनी खरोखरच मनात घेतले होते. ते पुरे झाले नव्हते.

गोष्ट इथे संपली. तिच्यात कोणी खलनायक नाही. संपादकांनी सरांवरच्या प्रेमापोटी त्यांच्या शंका पुसल्या. गुरू मोठा दिसावा असे कोणत्या शिष्याला वाटत नाही? कॉन्स्तांतँने तसे काही मनात आणले नाही. सर अडले तिथे त्याची लेखणी अडल्याची नोंद करत गेली, सर मागे फिरले तेव्हा तीही मागे फिरली. आपल्या वर्गांत मुले शेवटचे उत्तर तेवढे उतरवून घेतात आणि सर खोडून पुन्हा लिहू लागले की वही मिटून ठेवतात. शिकवणारा माणूस विचार करताना सापडतो तो नेमका तेव्हाच.

कॉन्स्तांतँ भाषाविज्ञानात नामवंत झाला नाही. त्याच्या वह्या आज जिनिव्हाच्या ग्रंथालयात आहेत. तिसऱ्या अभ्यासक्रमाची त्याची टिपणे 1993 मध्ये इंग्रजी भाषांतरासह पुस्तकरूपाने निघाली. मुखपृष्ठावर प्राध्यापकांच्या नावाबरोबर, ही व्याख्याने ज्याच्या वह्यांतून घेतली त्या विद्यार्थ्याचेही नाव छापलेले आहे.