बदललेलं जंगल, बदललेली माणसं

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या उत्तर सीमेवर, मरे नदीच्या काठी बार्मा नावाचं छोटं गाव आहे. गावालगतच रेड गमचं अरण्य सुरू होतं. पलीकडच्या तीरावरचं मिलेवा धरलं, तर या झाडांचं हे जगातलं सर्वांत मोठं जंगल. इथल्या काही म्हाताऱ्या खोडांवर लांबट, खोल व्रण आहेत. इथल्या मूळनिवासी योर्टा योर्टा लोकांनी होडीसाठी तिथली साल एकसंध सोलून काढली होती. झाडं मेली नाहीत. व्रणाच्या कडांनी नवी साल जाड ओठांसारखी वळून आत सरकत राहिली.

याच लोकांनी १९९४ मध्ये इथल्या जमिनीवर आणि पाण्यावर आपला परंपरागत हक्क सांगितला. १९९८ मध्ये न्यायमूर्ती ओल्नी यांनी दावा फेटाळला. इतिहासाच्या भरतीत यांची परंपरा केव्हाच धुऊन गेली, असा त्यांचा निष्कर्ष. २००२ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल पाच विरुद्ध दोन मतांनी कायम ठेवला. मूळ परंपरा कोणती, हे ठरवताना ओल्नी यांनी सर्वाधिक भिस्त ठेवली एडवर्ड करच्या लिखाणावर. हा कर म्हणजे १८४० च्या दशकात त्याच भूमीवर मेंढ्या चारायला आलेला गोरा वसाहतदार! घरातल्या थोरांकडून पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं सांगणाऱ्या साक्षीदारांचं वजन त्यापुढे कमी भरलं. १८८१ मध्ये मलोगा मिशनमधल्या आदिवासींनी, म्हणजे यांच्याच पूर्वजांनी, गव्हर्नरकडे अर्ज केला होता: आमची सगळी भूमी गेली, निदान कसायला थोडी जमीन द्या. तो अर्जही परंपरा तुटल्याचा पुरावा ठरला. हे वाचताना माझा संताप होतो. ज्याचं घर लुटलं, त्याची फिर्यादच त्याच्यावर उलटवली गेली.

आता जंगलाकडे पाहा. रेल्वेच्या स्लीपरांसाठी इथे बेसुमार तोड झाली, गुरं चरली. १९३६ मध्ये वरच्या अंगाला ह्यूम धरण पुरं झालं आणि नदीचं वेळापत्रकच उलटलं. पूर्वी हिवाळ्यात नि वसंतात पूर येई, आता ऐन उन्हाळ्यात सिंचनाचं पाणी धावतं. पुरावर जगणाऱ्या मोइरा गवताची कुरणं आक्रसली. तरीही १९८२ मध्ये बार्माच्या या पाणथळ जंगलाला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला, २०१० मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. दोन्ही योग्यच झालं. पण तू १८४० सारखंच आहेस याचा दाखला आण, असं जंगलाला कुणी म्हटलं नाही. त्याचं बदलणं ही त्याला झालेली इजा मानली गेली, माणसांचं बदलणं मात्र त्यांची अपात्रता. दोघांवर घाव घालणारे हात एकच होते.

२०१० मध्येच सरकारने उद्यानाच्या संयुक्त व्यवस्थापनासाठी योर्टा योर्टांशी करार केला. आता या जंगलाचं काय करायचं, यात त्यांचाही शब्द आहे. ते मोलाचं आहे. पण दाव्याचा निकाल फिरलेला नाही, आणि तो फिरत नाही तोवर या कराराला मी न्याय म्हणणार नाही.