सुई कुठून गेली

हाताची शिवण पक्की, मशीनची कच्ची, असं सर्रास म्हटलं जातं. माझा एक जाडजूड शब्दकोश हातानेच शिवलेला आहे. पानं सुटायला लागली म्हणून बांधायला दिला, तर बाइंडरने समासात आरीने भोकं पाडून दाभणाने जाड दोरा आरपार ओढला. आता पान सुटायची भीती नाही, पण पुस्तक उघडायचीही सोय नाही. कोपराने दाबून धरलं तरी ओळीची दोन-तीन अक्षरं खाचेतच राहतात.

तेव्हा हात की मशीन हे नंतर. आधी सुई कुठून गेली ते पाहावं. मोठा कागद तीनदा दुमडला की सोळा पृष्ठांचा फर्मा होतो आणि त्याच्या पाठीला घडी येते. जुजबंदीत सुई या घडीतूनच आत-बाहेर करते, समासाला शिवतही नाही. म्हणून असं पुस्तक मेजावर पसरून राहतं. पहिल्या पानापासून आकडे मोजा: 8 आणि 9, 24 आणि 25, 40 आणि 41 यांच्यामध्ये दोरा दिसेल. अधेमधे कुठे नाही.

अमेरिकेतल्या डेव्हिड स्मिथने 1868 साली पुस्तकं शिवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याच्या नावाने चालणारी मशीनची शिवणही घडीतूनच जाते. फरक आहे तो दोऱ्याचा. हाताचा एकच दोरा एका फर्म्याच्या घडीतून धावतो, टोकाला खालच्या फर्म्याशी गाठ घेतो आणि वरच्यात शिरतो, असा शेवटापर्यंत. मशीनमध्ये जागोजागी वेगळा दोरा असतो आणि त्याचे फास शेजारच्या फर्म्याच्या फासात गुंतत जातात. पण उघडण्यापुरती ही दोन्ही सख्खी भावंडं. माझा शब्दकोश, हाताचा असूनही, त्यांच्या गोतातला नाही.

हाताचं खरं काम जुन्या पुस्तकात दिसतं. मशीनला घडी शाबूत लागते. विरलेल्या घडीला हात खळीने पातळ कागदाची पट्टी लावतो, वाळू देतो, मगच सुई घालतो. फर्मे बरेच असतील तर दोरा बारीक घेतो, नाहीतर पाठ फुगते.

पण घडीच नसेल तर? माझ्या कोशाची पाठ छापखान्यातच तासून नुसती चिकटवलेली होती. बाइंडरवर मी उगाच चिडलो. त्याच्यापुढे आला तो सुट्या पानांचा गठ्ठा. शिवायचं म्हटलं तर समासाशिवाय त्याला जागा कुठे होती?