खुडूक कोंबडी आणि थकलेला प्रवासी

मित्रमंडळींच्या गप्पांना आपण सहसा तत्त्वचिंतनाच्या पंक्तीला बसवीत नाही. देवळाच्या अग्रशाळेत पालखीची वाट पाहत बसलेली माणसे पाऊसपाणी, कुळागरे, मुलांच्या नोकऱ्या यांविषयी बोलतात आणि पालखी आली की उठून जातात. बोलणे तेथेच विरते. तथापि मनुष्य जगाकडे कोणत्या मापाने पाहतो, हे त्याच्या व्याख्यानापेक्षा अशा सैल बोलण्यातच अधिक स्वच्छ दिसते. अशाच एका संभाषणातून निघालेला लहानसा प्रश्न येथे विचारास घेतला आहे.

बोलणारे दोघे जुने स्नेही. एक पेडणे महालातले, दुसरे डिचोलीचे. डिचोलीच्या गृहस्थांनी आपल्या घरच्या दोन कोंबड्या पेडण्याच्या मित्राला दिल्या होत्या. टोपलीत घालून, बसगाड्या बदलत, उन्हातान्हातून त्या पेडण्याला पोहोचल्या.

“तुमच्या कोंबड्या फसव्या निघाल्या हो,” पेडण्याचे गृहस्थ म्हणाले. “पंधरा दिवस दाणे खातात, पण अंड्याचा पत्ता नाही. बसून खाणाऱ्याला ठेवायचे तरी कशाला?”

“अहो, प्रवासाने दमल्या असतील. नवे खुराडे, नवी माणसे. थोडा धीर धरा.”

“दमायला काय झाले? मी रोज पणजीला जाऊन येतो. सकाळी सहाला घर सोडतो, रात्री आठाला उंबरा पाहतो. मला कोण म्हणतो, दमलात, बसा म्हणून?”

“पण घरी आल्यावर वहिनी आधी पाणी देतात, की आधी पगार विचारतात?”

दोघेही हसले. परंतु त्या हसण्यामागे जो प्रश्न उभा आहे, तो साधा नाही. एखाद्या जीवापासून मिळणारे फळ थांबले, म्हणजे त्याचा आपल्यावरील हक्कही थांबतो काय?

प्रथम कोंबडीचे म्हणणे ऐकले पाहिजे. रानातली कोंबडी वर्षाकाठी सुमारे १० ते १५ अंडी घालते आणि तीही केवळ पिलांसाठी. परसातली गावठी कोंबडी पन्नास-साठ अंडी देते. मोठ्या पोल्ट्रीतील निवडक जातीची कोंबडी वर्षाला ३००च्या घरात जाते. गावठी कोंबडी काही अंडी घालून झाली की खुडूक बसते. अंडी उबविण्यास तिला २१ दिवस लागतात. पिसे गाळण्याच्या दिवसांत ती अंडी देत नाही. दिवस लहान झाला, भीती वाटली, लांबचा प्रवास घडला, तरीही ती थांबते. म्हणजे थांबणे हा तिच्या प्रकृतीचाच एक भाग आहे. आपण मात्र त्यास खोड समजतो आणि खुडूक कोंबडीला गार पाण्यात बुडवून तिचा खुडूकपणा घालवू पाहतो. शास्त्रशुद्ध पैदाशीने तर पोल्ट्रीतील कोंबडीचे खुडूक बसणेच बहुतांशी नाहीसे केले आहे. आणि दीड वर्षाच्या सुमारास तिची अंडी कमी होऊ लागली की तिला निरोप देण्यात येतो. अंडे खावे की न खावे, हा वाद येथे मुळीच नाही. तो ज्याने त्याने आपल्या कुळाचारानुसार आणि विवेकानुसार सोडवावा. प्रश्न आहे तो आपण वापरतो त्या मापाचा.

या मापाचा इतिहास जुना आहे. रोमचा थोरला केटो हा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला मोठा करारी आणि काटकसरी पुरुष. त्याने शेतीवर ग्रंथ लिहिला. म्हातारे बैल, जुनी गाडी, जुनी अवजारे, म्हातारा गुलाम, आजारी गुलाम यांना विकून टाकावे, असा सल्ला त्यात आहे. हे सारे एकाच यादीत आले आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे ग्रीक चरित्रकार प्लूटार्क याने केटोचे चरित्र लिहिताना या वृत्तीवर कडक टीका केली. ज्या बैलाने आपल्यासाठी कष्ट केले, त्याला केवळ म्हातारा झाला म्हणून मी विकणार नाही, मग माणसाची गोष्टच दूर, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. तेथेच तो एक कथा सांगतो. अथेन्सच्या गडावर मोठे देवालय उभे राहत असताना ज्या खेचरांनी अधिक कष्ट उपसले, त्यांना लोकांनी मोकळे सोडले. त्यांतील एक खेचर आपण होऊन कामाच्या जागी परत येई आणि ओझे ओढणाऱ्या इतर जनावरांच्या पुढे चालत राही. तेव्हा ते जिवंत असेपर्यंत त्याचा चारा सार्वजनिक खर्चातून द्यावा, असे नगराने ठरविले. देवालय बांधणाऱ्यांनी जनावराचे ऋण मानले, ही गोष्ट देवस्थानाशी निगडित असलेल्या आपणांस विशेष जवळची वाटावी.

केटोच्या यादीतून कळते ते हे, की उत्पन्नाचे माप एकदा हातात घेतले म्हणजे ते खुराड्याच्या दारात थांबत नाही. ते माजघरापर्यंत येते. याचा अनुभव डिचोलीला वेगळा सांगावयास नको. २०१२ साली गोव्यातील खाणी बंद झाल्या. मध्यंतरी काही सुरू झाल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेत येथे शिरावयाचे नाही. परंतु ज्या घरातला कर्ता पुरुष ट्रक चालवून किंवा खाणीवर राबून येत होता, त्या घरात तो अकस्मात रिकाम्या हातांनी बसला. तो आळशी झाला नव्हता. त्याचे काम थांबले होते. अशा वेळी घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले, यावर त्याचे जगणे सुसह्य की असह्य हे ठरले असेल.

मग अंडी घालणाऱ्या जीवाकडे नफ्याच्या हिशेबाविना पाहणे आपणांस शक्य आहे काय? याचे उत्तर पेडणे महालातच मिळते. मोरजी आणि मांद्रे येथील किनाऱ्यांवर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची कासवी समुद्रातून दीर्घ प्रवास करून येते, रात्री जड अंगाने वाळू चढते, खड्डा खणून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि तशीच परत फिरते. पूर्वी ही अंडी खाण्यासाठी उकरून नेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कासवाला अभय मिळाले, आणि नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून मोरजीला वनखाते आणि गावकरी मिळून ही घरटी राखू लागले. यामागे कायद्याचा धाक आहे, पर्यटनाचा लाभ आहे, हे मान्यच केले पाहिजे. तरीही पुष्कळ देवालयांत ज्या कूर्माला वंदन करून आपण गाभाऱ्याकडे वळतो, त्याच्या वंशातील एका दमलेल्या पाहुणीच्या अंड्यांजवळ कोणीतरी रात्र जागवितो आणि सुमारे पन्नास दिवसांनी पिले समुद्राला मिळाली की रिकाम्या हाताने घरी जातो, यात काहीतरी सात्त्विक आहेच.

येथे व्यवहारी वाचक विचारील : कासव समुद्राचे अन्न खाते, कोंबडीला दाणे आम्ही घालतो, गरीब संसाराने न देणाऱ्यांचा भार किती वाहावा? आक्षेप खरा आहे. प्रत्येक घराने पांजरपोळ व्हावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु आपल्या धर्मशास्त्रानेही गृहस्थाची ऐपत ओळखूनच नित्याचे पाच यज्ञ सांगितले. त्यांतील भूतयज्ञाला मूठभर अन्न लागते, आणि मनुष्ययज्ञ म्हणजे दारी आलेल्या पाहुण्याचा सत्कार. कावळा दूध देत नाही, पाहुणा पगार आणीत नाही. तरी दोघांचाही वाटा काढून ठेवावयाचा असतो. ज्याच्याकडून काही मिळावयाचे नाही, त्याला देण्याची रोजची सवय हाताला लागावी, हाच त्यातील हेतू दिसतो.

म्हणून आपल्या आश्रयाला असलेल्या जीवाने थांबावे तेव्हा ते का थांबले, हे आधी पाहावे. दमला असेल तर विसावा द्यावा. दीर्घकाळ देऊन म्हातारा झाला असेल तर निदान त्याला ‘बसून खाणारा’ म्हणू नये. कारण हा शब्द आपण कोंबडीविषयी उच्चारतो तेव्हा ओटीवर बसलेले घरातले वृद्धही तो ऐकत असतात, आणि खेळणारी मुलेही. आपण थकू त्या दिवशी आपल्याला कोणते माप लागणार, हे त्या मुलांनी आज काय ऐकले यावर पुष्कळसे अवलंबून आहे.