दुखऱ्या पायांचा परमार्थ

माउली, वारीच्या वाटेवर एक प्रश्न दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या मनात उभा राहतोच. गुडघा सुजला आहे, टाचेला फोड आला आहे, कमरेत उसण भरली आहे. अशा वेळी हे दुखणे देवाचे नाव घेऊन सोसावे, की थांबून त्यावर उपाय करावा? सोसले तर भक्ती आणि थांबलो तर कच्चेपणा, असे आपण मनाशी ठरवून टाकलेले असते. हा हिशेब खरा आहे का, ते आज मिळून पाहू.

उत्तरासाठी फार लांब जायला नको. पंढरी ज्या प्रसंगाने उभी राहिली तोच आठवावा. भक्त पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपीत बसला होता. दारात परब्रह्म आले. पुंडलिकाने वीट पुढे सरकवली आणि देवाला थांबायला सांगितले. ही कथा आपण कितीतरी कीर्तनांत ऐकतो आणि तिच्यातली मातृपितृभक्ती वाखाणतो. ते योग्यच आहे. पण त्या क्षणी पुंडलिकाच्या हातात काय होते, तेही नीट पाहावे. टाळ नव्हता, पोथी नव्हती. म्हातारपणाने शिणलेले पाय होते. ‘देहाचे भोग आहेत, सोसा’ असे तो आईवडिलांना म्हणाला नाही. तो पाय चेपत राहिला आणि देव विटेवर उभा राहिला. दुसऱ्याचे दुखणे हलके करण्याचे मोल केवढे आहे, हे देवाने स्वतः थांबून दाखवले.

आता कोणी म्हणेल, दुसऱ्याचे पाय चेपणे ही सेवा, हे पटते. पण स्वतःच्या पायांचे लाड कशाला? माउली, वारीत लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात. आपल्याही पायांवर कोणीतरी डोके ठेवते. तो नमस्कार आपण आपल्या नावावर घेत नाही. आत जो बसला आहे त्याच्याकडे तो पोचतो, अशी आपली भावना असते. मग ज्या पायांवर दुसरा डोके ठेवतो, त्यांची हेळसांड करण्याचा अधिकार आपल्याला कोठून आला? देह ही आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे. ठेव उधळू नये, तशी तिची उगाच झीजही करू नये.

आपली परंपरा हे जाणून आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवली जात नाही. पण ती धरणारा मात्र पहाऱ्यागणिक बदलतो. नाम अखंड, देह पाळीपाळीने. माउलींची पालखी आळंदीहून निघाल्यावर पुण्यात आणि सासवडला दोन-दोन रात्री मुक्काम करते. रोजच्या वाटेवर ठरलेले विसावे असतात. पंढरीची ओढ असूनही सोहळा विसाव्याशी थांबतो, आणि म्हणून ही अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट म्हातारीकोतारी माणसेही चालून जातात. चालणे हा जसा वारीचा नेम आहे, तसा थांबणे हाही नेमच आहे.

म्हणून दुखणे शत्रू मानू नये. तो निरोप्या आहे. टाच हुळहुळू लागली की फोड येणार असा त्याचा निरोप असतो. तेव्हाच दोन मिनिटे थांबून पाय पुसून कोरडा केला, पट्टी लावली, तर पुढचे चार दिवस सुखाचे जातात. ऐन प्रस्थानाच्या दिवशी कोरी चप्पल घालणे, वर्षभर खुर्चीत बसून एकदम पहिल्या दिवशी वीस किलोमीटर चालणे, हे दुखण्याला आवतण देणे आहे. महिना-दोन महिने आधीपासून रोज थोडे थोडे चालणे वाढवावे. दिवे घाट चढताना दम लागतो, तो कळतो. उतारावर गुडघ्यांना बसणारा मार मात्र लगेच कळत नाही, म्हणून उतरताना पावले लहान टाकावीत. डोईवरचे तुळशीवृंदावन एकीनेच दिवसभर न वाहता आळीपाळीने घ्यावे; मान आणि कंबर दोन्ही राहतात. वेळापूरच्या अलीकडे धावा होतो. त्यात उत्साहाने धावावे, पण आधीच मुरगळलेल्या पायाने नव्हे.

तरीही दुखणे आलेच तर? गावाकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात, हाड सरकले की हाडवैद्य गाठतात. अमेरिकेत आयोवा राज्यातील डॅव्हेनपोर्ट येथे १८९५ साली डॅनियल डेव्हिड पामर यांनी मणक्यांवर हातांनी उपचार करण्याची पद्धत सुरू केली. तिला कायरोप्रॅक्टिक म्हणतात, आणि आता ती आपल्या शहरांतही आली आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१७ साली असा सल्ला दिला, की नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीवर आधी शेक, मालीश, मणक्यांवरचे हाताचे उपचार असे गोळीवाचूनचे उपाय करावेत. त्याच सल्ल्यात हेही आहे, की अशी कंबरदुखी बहुतेक वेळा काही दिवसांत, आठवड्यांत आपोआप उतरते. म्हणजे उपाय करणाऱ्याने फार मिरवू नये आणि करून घेणाऱ्याने फार घाबरू नये.

पण ‘नैसर्गिक’ म्हटले की निर्धोकच, असे समजू नये. मालीश करताना मानेला हिसका देऊन कडकन आवाज काढतात. त्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला क्वचित इजा होते आणि पक्षाघातही होऊ शकतो. तो हिसका नकोच म्हणावा. पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा सुटला किंवा पडल्यावर असह्य कळ आली, तर तेल-शेक बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा. आणि एकादशीच्या उपवासात, पोट रिकामे, पाणी कमी प्यालेले, अशा वेळी वेदनाशामक गोळ्या घेत चालत राहणे हे तर पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक आहे. गोळीने निरोप्याचे तोंड बंद होते. निरोप तसाच राहतो.

आता खरी गोम सांगतो. आपण थांबत का नाही? देवासाठी म्हणतो खरे, पण आत डोकावून पाहावे. ‘माझी एवढी वर्षे वारी चुकली नाही, एक पाऊलही गाडीत टाकले नाही’ हा हिशेब तिथे बसलेला नसतो ना? वारी अहंकार उतरवण्यासाठी असते. तिच्याच मोजणीने तो चढला तर गंध आणि टाळ असूनही हात रिकामेच. शिवाय लपवलेले दुखणे शेवटी लपत नाही. वाटेत कोसळणाऱ्याला उचलणारे खांदे दिंडीतल्याच कोणाचे तरी असतात.

आणखी एक अवघड गोष्ट आहे, ती म्हणजे सेवा घेणे. वाटेवर कोणी पाय चेपून देतो, कोणी चप्पल शिवून देतो, कोणी डॉक्टर रस्त्याकडेला बसून फोडांना मलमपट्टी करतो. त्यांच्यापुढे पाय करताना आपण संकोचतो. पण पुंडलिकाच्या आईवडिलांनी पाय पुढे केले, म्हणूनच पुंडलिकाला सेवा घडली. दुखणे कबूल करून पाय पुढे करणाराही कोणाला तरी पुंडलिक होण्याची संधी देत असतो.

काही दुखणी मात्र जात नाहीत. झिजलेला गुडघा पुन्हा पंचविशीचा होत नाही. सगळे उपाय करून जे उरते, ते सोसणे हेच खरे सोसणे. तिथे नामाचा आधार घ्यावा. उपाय असताना सोसणे हा हट्ट, आणि उपाय सरल्यावर कुढणे हेही दुःखच. ज्याला चालवत नाही, त्याने गाडीने यावे. तेही जमत नसेल तर घरीच ओसरीवर बसून हरिपाठ म्हणावा. ज्ञानोबारायांना आपण माउली म्हणतो. लेकरू लंगडत, कण्हत आले म्हणून कोणती आई सुखावेल?

यंदा प्रस्थानापूर्वी पताका काढाल, टाळ पुसून ठेवाल, तेव्हा पायांकडेही एकदा पाहा. आणि वाटेत शेजारचा वारकरी लंगडताना दिसला, तर पाया पडण्याआधी विचारा, ‘माउली, पाय दुखतो का?’

रामकृष्णहरि.