शिंग्रोबाचे देणे

मे महिना किंवा दिवाळी जवळ आली की घरोघरी सहली ठरू लागतात. कुणी महाबळेश्वरला जाते, कुणी गोव्याला. सहल ठरवताना आपण मुक्कामाचा विचार करतो, वाटेचा करीत नाही. वाट म्हणजे लवकरात लवकर संपवायची गोष्ट, असे आपण धरूनच चाललेलो असतो. परतल्यावरही ‘किती तासांत पोहोचलात?’ हाच पहिला प्रश्न असतो. वाटेत काय पाहिले, हे सहसा कुणी विचारीत नाही. म्हणून आज एक साधा प्रश्न मनाशी घोळवून पाहू या. ज्या वाटेने आपण जातो, त्या वाटेचे आपण काही देणे लागतो काय?

आपल्या परिचयाचा बोरघाट घ्या. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, खंडाळ्याच्या चढणीला शिंग्रोबाचे देऊळ आहे. तिथे आले की अनेक ड्रायव्हर गाडीचा वेग कमी करून एखादे नाणे टाकतात आणि मगच पुढे जातात. शिंग्रोबा हा या डोंगरात गुरे-मेंढरे राखणारा धनगर. लोककथा सांगते की, साहेबाच्या इंजिनिअरांना घाटातून मार्ग सापडत नव्हता, तेव्हा रानवाटा ठाऊक असलेल्या शिंग्रोबाने तो दाखवला. बक्षीस काय हवे, असे विचारल्यावर त्याने आपल्या देशाचे स्वातंत्र्य मागितले, आणि त्याबद्दल त्याला गोळी घालण्यात आली.

ही दंतकथा आहे, तिला कागदोपत्री आधार मागू नये. पण तिच्यामागे एक सत्य उभे आहे. बोरघाटातला गाडीरस्ता 1830 साली खुला झाला आणि रेल्वे 1863 साली. रेल्वेच्या कामावर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. कॉलऱ्याने आणि अपघातांनी त्यांतले हजारो दगावले. गव्हर्नरांची, कंत्राटदारांची नावे इतिहासात नोंदली गेली. बोगदे खोदता खोदता मेलेल्या मजुरांची नावे कुणी लिहून ठेवली? शिंग्रोबाची कथा म्हणजे त्या बिननावाच्या माणसांची लोकांनी आपल्या परीने ठेवलेली आठवणच नव्हे काय?

याच घाटात अमृतांजन पूल होता. ब्रिटिश काळातला, दगडी कमानींचा. त्यावर डोकेदुखीच्या बामची जाहिरात होती, म्हणून पुलाचे नावच ते पडले. ‘अमृतांजन पूल आला’ म्हटले की प्रवासी खिडकीतून माना बाहेर काढीत. एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीच्या काळात, तो पाडण्यात आला. रुंद रस्त्याला त्याच्या खांबांची अडचण होत होती, अपघात होत होते. पाडणे चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. तरीही विचार करण्यासारखे आहे. ज्यांनी पूल बांधला त्यांचे नाव आपल्या तोंडी नव्हते, बामचे मात्र होते. आता पूलही गेला. पुढच्या पिढीतले मूल विचारणार तरी कशाकडे बोट दाखवून?

बायबलमध्ये यहोशवाच्या पुस्तकात अशीच एक गोष्ट आहे. यार्देन नदी ओलांडल्यावर इस्राएली लोकांनी नदीच्या पात्रातून बारा दगड आणून उभे केले. कशासाठी? तर उद्या मुलांनी ‘हे दगड कसले?’ असे विचारावे आणि वडीलधाऱ्यांनी उत्तर द्यावे. वाटेवरच्या दगडाचे काम एवढेच. तो प्रश्न निर्माण करतो. पण थांबलेच नाही तर प्रश्न कोण विचारणार?

कुणी म्हणेल, वेळ कुठे आहे? 2002 साली पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने प्रवासाचे कितीतरी तास वाचले, आणि ते चांगलेच झाले. आजाऱ्याला घेऊन निघालेल्या माणसाने प्रत्येक खुणेपाशी थांबावे, असे कोण म्हणेल? त्या मार्गावर तर वाटेल तिथे गाडी उभी करण्यास मनाईच आहे. पण सहलीला निघालेल्या माणसालाही जेव्हा पंधरा मिनिटे जड वाटतात, तेव्हा वेळ वाचवून आपण तो कशासाठी वापरतो, हे स्वतःला विचारायला हवे.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. आपण ख्रिस्ती माणसांनी शिंग्रोबाच्या देवळापाशी का थांबावे? पूजा करणे वेगळे आणि कृतज्ञ राहणे वेगळे. आपली श्रद्धा न सोडता, दुसऱ्याच्या श्रद्धास्थानापाशी चपला काढून क्षणभर शांत उभे राहता येते. उलट बाजूने पाहा. मुंबईत वांद्र्यापासून गिरगावपर्यंत गल्लीबोळांत क्रूस दिसतात. त्यांतले कितीतरी 1896 च्या प्लेगच्या साथीत लोकांनी उभारले. परगावचा कुणी येऊन त्या क्रूसाला टेकून हसत फोटो काढू लागला, तर आपल्याला कसे वाटेल? तो काय आहे, असे त्याने एखाद्या आजीला विचारले, तर किती बरे वाटेल!

राजस्थानात पालीजवळच्या हमरस्त्यावर एका बुलेट मोटारसायकलची पूजा होते. ‘बुलेट बाबा’ म्हणून ती जागा प्रसिद्ध आहे. ऐकून हसू येते, आणि गंमत वाटण्यात पापही नाही. पण त्या जागी अपघातात एक तरुण मुलगा गेला होता. एवढे कळले की हसू आपोआप आवरते. न थांबणारा माणूस नुसते हसून पुढे जातो. थांबून विचारणाऱ्याला त्या हसण्यामागचे दुःख समजते.

म्हणून यंदा सहलीला निघाल्यावर वाटेतली एक तरी जागा निवडा. मोठी, प्रसिद्ध असायलाच हवी असे नाही. रस्त्याबाहेर सुरक्षित जागा पाहून गाडी लावा. तिथल्या चहावाल्याला त्या जागेची कथा विचारा, चहा त्याच्याकडेच घ्या आणि प्लास्टिकचा कचरा परत गाडीत आणा. भिंतीवर नाव कोरू नका. मोबाईल बाहेर काढण्याआधी मुलांना सांगा की हा रस्ता कुणीतरी शोधला, कुणीतरी खोदला, आणि त्यांतल्या अनेकांना त्यावरून प्रवास करायला मिळाला नाही. टोल आपण नाक्यावर भरतोच, पण त्या माणसांचे देणे त्यात भरले जात नाही.