रविवारचा शब्द

धामणगाव बढे हे मोताळा तालुक्यातील गाव. तेथे एक पंधरा वर्षांचा मुलगा मामाच्या आश्रयाने राहतो. वडील वारले, आई मजुरीसाठी परगावी. शासनाच्या बालसंगोपन योजनेतून त्याच्यासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. २०२३ पूर्वी ते १,१०० होते. वह्या, कपडे, औषधपाणी यांना त्यांचा आधार होतो. परंतु ‘आज शाळेत काय झाले?’ असे विचारणारे माणूस कोणत्याही योजनेतून मंजूर होत नाही. ते आपणहून यावे लागते. तसा मी गेलो, गणित शिकविण्याच्या निमित्ताने, आणि ‘दर रविवारी येईन’ असे सहज बोलून बसलो.

पुढे तीन रविवार चुकले. पहिला नात्यातील लग्नामुळे, दुसरा पावसामुळे. तिसऱ्याला कारणच नव्हते. चौथ्या रविवारी तो माझ्यावर रागावला असता तर बरे झाले असते. त्याने तांब्याभर पाणी आणून दिले व म्हणाला, “तुमाले कामं असतात, सर.” माझी सबब त्यानेच तयार ठेवली होती! मोठ्या माणसांना आधीच क्षमा करून ठेवण्याची ही विद्या त्याला कोणी शिकविली? मी त्या शिक्षकांपैकीच एक, हे मला मान्य करावे लागले.

मग जो कायमचा राहू शकत नाही, त्याने अशा मुलाच्या आयुष्यात पाऊलच टाकू नये काय? अमरावती जिल्ह्यातील वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी दिव्यांग अनाथांना आपले नाव दिले आणि अठरा वर्षे झाली म्हणून कोणाला दाराबाहेर केले नाही. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यापुढे आपण हात जोडतो आणि, खरे सांगायचे तर, हात जोडून मोकळे होतो. ‘तेवढे आपल्याच्याने होणार नाही’ हे वाक्य नम्रतेचे दिसते. पुष्कळदा ते आळसाचे असते.

माझा दोष थोडे दिल्याचा नव्हता. थोडे देताना पुष्कळाचा शब्द दिला, हा दोष होता. मायेची हमी देता येत नाही. तासाभराची देता येते. ज्याची माणसे न सांगता गेली, त्याला आपण कधी जाणार हे आधीच सांगणे कठोर वाटेल, पण तेच मला प्रामाणिक वाटते.

म्हणून मी त्याला नव्याने सांगितले: महिन्याचा पहिला व तिसरा रविवार, दहावीची परीक्षा होईपर्यंत. जमणार नसेल तर आदल्या दिवशी मामाच्या फोनवर कळवीन. त्याने काही उत्तर दिले नाही. वहीच्या पुठ्ठ्यावर मात्र सगळ्या तारखा लिहिल्या आणि मी गेलो की तो एकेका तारखेपुढे खूण करू लागला.

परवा पाहिले तर एका तारखेपुढे फुली होती. मी दचकलो. त्या रविवारी मी गेल्याचे मला पक्के आठवत होते.

“ते माह्यी आहे, सर,” तो म्हणाला. “तुम्ही आलते. मीच कापूस वेचाले गेलतो.”